नाल्याअलीकडचा मध्य

मोहाच्या झाडाखाली दुर्गेश्वरी थांबली. इथून पुढे नीतूला एकटीनं जायचं होतं.

"जाय आता," दुर्गेश्वरी म्हणाली. "धावू नको. धावलं की तो मागं लागते."

तो म्हणजे वाघ. दिवाळीनंतर त्यानं गावातल्या सेवकरामची गाय नाल्यात ओढून नेली, तेव्हापासून दोन्ही गावांत त्याचं नाव कोणी तोंडातून काढत नव्हतं. नीतूची शाळा दुर्गेश्वरीच्या गावात, आणि दोन गावांच्या मधे जंगलातून वनखात्यानं आखलेली सरळसोट पायवाट. नीतूच्या गावातून नववीला जाणारी ती एकटीच. सकाळी दूधवाल्याच्या सायकलीमागे लगबगीनं चालत ती शाळा गाठायची, पण संध्याकाळी कोण? बाप गोंदियाला राइस मिलमध्ये, आई जमुनाबाई धानाच्या चुरणीवर, म्हणजे मळणीला. आईनं एका वाक्यात निकाल लावला होता : भेव लागत असेल तर घरी बस. तेव्हा वर्गातल्या दुर्गेश्वरीनंच तोड काढली. अर्ध्यापर्यंत मी पोहोचवते, म्हणाली, मग तू तुझ्या घरी, मी माझ्या घरी. मोहाचं झाडही तिनंच ठरवलं.

नीतू रोज तिथून सतराचा पाढा मोठ्यानं म्हणत निघायची. सागाचं वाळलेलं पान पडलं तरी पाढा चुकायचा. मग पुन्हा सतरा एके सतरा. गावातला पहिला दिवा दिसेपर्यंत हेच.

भीती माणसाला हिशेबी करते. नीतूला हळूहळू वाटायला लागलं, की आपला तुकडा लांब आहे. दुर्गेश्वरी आपल्याला लवकर सोडते. आज ते तोंडातून निघूनच गेलं.

"माह्या वाट्याले जास्त येऊन राहिलं. तू अर्ध्याच्या आधीच परत फिरते."

दुर्गेश्वरी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मग मोजून पाह्य," एवढंच म्हणाली आणि वळली.

दुसऱ्या दिवशी भूमितीच्या तासाला रहांगडाले सरांनी फळ्यावर रेषाखंड काढला. दोन्ही टोकांवरून अर्ध्यापेक्षा जास्त अंतर घ्या, वर आणि खाली कंस काढा, जिथं ते छेदतात ते दोन बिंदू जोडा. ही रेषा रेषाखंडाचे बरोबर दोन भाग करते. कंपास कितीही उघडा, मध्य जागचा हलत नाही, असं सर म्हणाले. नीतूनं मनात म्हटलं, बरं सापडलं.

वनखात्यानं सावधगिरीचा नकाशा शाळेच्या व्हरांड्यात चिकटवला होता. दोन गावं, पायवाट, नाला, आणि नाल्यावर, जिथं गाय सापडली तिथं, लाल गोल. मधल्या सुट्टीत नीतूनं पातळ कागद ठेवून तो गिरवून घेतला. शाळेच्या गावावर टोक रोवलं, कंस काढले. मग आपल्या गावावर. बिंदू जोडले आणि बघितलं.

रेषा नाल्याच्या अलीकडे पडली होती, शाळेच्या बाजूला. मोहाचं झाड तर नाल्याच्या पार पलीकडे.

कंपासचा स्क्रू ढिला असेल. तिनं तो आवळला, कंपास आणखी उघडला, पुन्हा काढलं. रेषा तिथंच.

आपलाच तुकडा लहान होता. आणि दुर्गेश्वरी रोज आपल्याबरोबर तो नाला ओलांडत होती आणि परत जाताना एकटी ओलांडत होती, उजेड आणखी कमी झाल्यावर. ती परत कशी जाते, हे नीतूच्या मनात एकदाही आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. डबा तसाच राहिला.

संध्याकाळी नाल्याच्या अलीकडे नीतू थांबली.

"मध्य इथंच आहे. कंपासनं काढून पाह्यला."

दुर्गेश्वरीनं कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "मी पावलं मोजली होती. झाड ठरवायच्या आधीच, तुह्या गावापर्यंत."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"नाल्यातून तू एकटी गेली असती का? शाळाच सोडली असती."

"अन् तुले भेव नाही लागत?"

दुर्गेश्वरी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. बोट पांढरं पडलं होतं.

"लागते ना," ती म्हणाली. "रोजच लागते."

नीतूनं कागदाची घडी दप्तरात घातली, तिला घरी जा म्हणून सांगितलं आणि नाल्यात उतरली. खाली ओली वाळू होती. वाळूवर काय उमटलंय ते बघायचं नाही, असं तिनं ठरवलं आणि डोळे समोरच्या काठावर ठेवले. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. काठ चढताना हाताला मुळी लागली, तर पाढा तिथंच तुटला. पण ती धावली नाही.

मोहाच्या झाडापाशी ती पोहोचली. तिनं बुंधा धरला. दुर्गेश्वरी आता तिच्या गावाच्या वाटेला लांब गेली असेल. ऐकायला कोणी नाही हे माहीत असूनही तिनं हाक मारली.

"दुर्गे!"

"हो! मी आहो. जाय तू."

उत्तर लगेच आलं, आणि फार जवळून. नीतूनं कान दिला. आवाज नाल्याच्या त्या काठावरून आला नव्हता. या काठावरून आला होता.

म्हणजे ती मागोमाग नाल्यातून आली होती. आणि आता तिला पुन्हा एकटीनं परत जायचं होतं.

जंगलात उजेड चुलीतल्या निखाऱ्याएवढा उरला होता. नीतूनं एकदा आपल्या गावाच्या वाटेकडे पाहिलं. मग ती वळली आणि नाल्याकडे चालू लागली, दुर्गेश्वरीला पोहोचवायला.