तिसरी चावी

"अवो, बसा की जरा! हळद पोरीची हाय, तुमची नाय," ललिता मांडवातून ओरडली.

दत्ताराम बसला आणि लगेच उठला. सकाळपासून त्याचं बूड एका जागी टेकत नव्हतं. मांडवाबाहेर जायचं, वर येणारा रस्ता बघायचा, परत यायचं, उगाच एखादा आंब्याचा डहाळा सरळ करायचा आणि पुन्हा निघायचं. मुंबईकरांना घेऊन येणाऱ्या मोरूची जीप पोलादपूरहून सुटल्याचा फोन येऊन दीड तास झाला होता.

उद्या सेजलचं लग्न. चारशे पान उठायचं होतं आणि रांधायची भांडी देवळामागच्या खोलीत दोन कुलपांआड पडली होती. एक कुलूप गावकीचं, दुसरं मुंबई मंडळाचं. माणसं सगळी एकाच वाडीची, एकाच देवाला नारळ ठेवणारी. अर्धी इथे नाचणी लावणारी, अर्धी मुंबईत नोकरीला. दोन वर्षांपूर्वी सभामंडपाच्या पाटीवर आधी नाव कुणाचं, यावरून जुंपली ती जुंपलीच. आता दोघांचाही निरोप एकच होता: समोरच्यांनी आपलं कुलूप काढलं तर आम्ही पंगतीला बसू.

ती भांडी वीस वर्षं दत्तारामनेच सांभाळली होती. टोपाला पोचा आला तरी हाच ठोकून काढायचा. पण त्या भांडणात मोरू, मंडळाचा सेक्रेटरी आणि दत्तारामचा शाळेतला जोडीदार, भर सभेत म्हणाला होता, "पितळेचा झारा कुटं गेला ते दत्तारामला इचारा. हितं आमचं पण कुलूप लागलं पायजे." झारा महिन्याने साळूबाईच्या माळ्यावर सापडला आणि खोलीला कुलपं म्हणून दत्तारामच्या घरीच राहिला. मुंबईला तसं कळवलंही. मोरूकडून चकार शब्द आला नाही, आणि ते दत्तारामला फार लागलं होतं.

गंमत म्हणजे, ते कुलूप महाडच्या बाजारातून आणायलाही त्यालाच पिटाळलं होतं. त्याने आणलं आणि दोन चाव्या सगळ्यांदेखत मोरूच्या हातावर ठेवल्या. तिसरी खोक्याच्या तळाशी पुठ्ठ्याखाली अडकली होती, ती चार दिवसांनी हाताला लागली. तोवर मुंबईकर गेले होते. सांगावं तर लोक म्हणणार, बघा, ठेवून घेतली. मग ती कुंकवाच्या पेटीत जाऊन बसली. ललिताशिवाय कुणाला पत्ता नव्हता.

"मी काय म्हणते," ललिता जवळ येऊन हळूच म्हणाली, "जीप येते का नाय देव जाणे. आपली चावी काढा. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना गो."

पण घटकाभराने तोच पेटीपाशी गेला. चावी त्याने सदऱ्याच्या खिशात टाकली. त्या खिशात आमंत्रणाच्या अक्षता होत्या. पुन्हा रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

तीनला जीप आली. सगळे देवळामागे जमले, गाववाले एका बाजूला, मुंबईवाले दुसऱ्या. गावकीचे धोंडूआबा पुढे झाले, त्यांनी आपलं कुलूप काढलं आणि बाजूला सरले.

मोरूने खिसा चाचपला. मग दुसरा. मग पिशवी. मग तो नुसताच उभा राहून कानाची पाळी चोळू लागला. दत्तारामने ते ओळखलं. शाळेत पाढा विसरला की मोरू अशीच पाळी चोळायचा.

"काय सेक्रेटरी, चावी ममईतच रायली वाटतं?" गाववाल्यांतून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"हसता काय? अपमान करायला बोलावलाव काय आमाला?" मुंबईवाला एक जण खवळला. "चला रे, गाडीत बसा!"

चावी दत्तारामच्या मुठीत होती. ती दिली की मोरूला कळणार, दोन वर्षं ती ह्याच्याकडे होती. झाऱ्यासाठी चोर ठरवणारं तोंड ते. आता लेकीच्या हळदीला, सगळ्या वाडीसमोर त्याने नुसती चावी वर धरून दाखवली असती तरी दत्तारामला तोंड दाखवायला जागा उरली नसती. तरी तो पुढे झाला.

"थांब मोरू. तुला अक्षत द्यायची रायलीय." त्याने मूठभर तांदूळ मोरूच्या तळव्यावर ठेवले आणि त्याची बोटं वरून मिटली. "सगळ्यांना घेऊन जेवायला यायचं."

मोरूच्या बोटांना चावी लागली. त्याने मूठ किलकिली करून पाहिली. मग दत्तारामकडे पाहिलं. मग पिशवीत हात घालून बराच वेळ खुडबुड केली.

"गावली रे! तळाला गेलेली," तो म्हणाला.

कुलूप निघालं. टोप, पराती, हंडे बाहेर येऊ लागले. मोठ्या टोपाला एका कडीला धोंडूआबा लागले आणि दुसऱ्या कडीला मघाशी खवळलेला तो मुंबईकर.

दत्ताराम घरी जाऊन पितळेचा झारा घेऊन आला. दोन वर्षांत तो काळा पडला होता.

"कदीपासनं व्हती?" मोरूने हळू आवाजात विचारलं.

"कुलूप लावलंव त्याच्या चौथ्या दिसापासनं."

"आन् उघडलं नायस?"

"तुजं कुलूप मी कशाला उघडू?"

मोरूने दत्तारामच्या हातातून झारा घेतला, चिंच आणि राख मागून घेतली आणि इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाची पर्वा न करता पायरीवर बसून घासू लागला.

"ठेव रे, बायका घासतील," दत्ताराम म्हणाला.

"बस तू," मोरू मान वर न करता म्हणाला. "किती वेळ उभा रावशील?"

दत्ताराम त्याच्या शेजारी पायरीवर बसला.