दिनकररावाची रिकामी डिस्क

दिनकररावाला मी देशोधडीला लावलं असं सेलूत अजून काही लोक म्हणतात. म्हणू द्या. मी त्याला एकदाच बोलले आणि बिलकुल खरं बोलले. आन् 'राव' म्हणते ते नावातच हाय म्हणून, मनातनं न्हाई.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यातली गोष्ट. सेलूच्या एका जिनिंग सोसायटीत मी कॉम्प्युटरवर होते. युनिक्सची एक मोठी मशीन आणि तिला जोडलेले टर्मिनल, म्हंजे नुसता पडदा आणि कळफलक. कापसाची गाडी काट्यावर आली की वजन टाकायचं, पावती छापायची, गाडी पुढं सोडायची. दिनकरराव मॅनेजर. एक टर्मिनल त्याच्या केबिनमधी होतं. माझी नेमणूक कच्ची होती, आणि माझ्या पगारावर धाकटा भाऊ औरंगाबादला शिकत होता.

हंगाम भरात आला तशी मशीन बसायला लागली. पावती निम्मी छापून व्हायची आणि मशीनमधला पावतीचा कार्यक्रम, म्हंजे प्रोग्राम, आपोआप बंद पडायचा. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ यायची, स्वॅपची जागा संपली म्हणून. ज्याला ठाऊक न्हाई त्याला सांगते. मशीनची मेमरी म्हंजे सैपाकाचा ओटा. ओट्यावर मावेना झालं की आपण एखादं पातेलं खाली फळीवर ठेवतो, लागलं की परत वर घेतो. डिस्कवर तशी एक फळी राखून ठेवलेली असती, तिला स्वॅप म्हणतात. फळीबी भरली की मशीन एखादं पातेलं सरळ भिरकावून देती. रोज भिरकावलं जायचं ते माझंच.

गाड्यांची रांग पार रस्त्यावर जायची. माणसं तापलेली, बैल ताटकळलेले. पाथरीकडचा लिंबाजी नावाचा शेतकरी आदल्या दिवसापास्नं रांगेत होता. तो खिडकीपाशी येऊन म्हणाला, "ताई, तुमच्यापाशी आलं की मगच कसं काय थांबतंय हे?"

मी तोंड उघडायच्या आत दिनकरराव केबिनच्या दारात आला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलला, "राखीव जागेवर बसवलेल्या हाताला मशीन कशी वळणार? ह्यांना विद्यापीठाचं नाव बदलून पायजे, काम नको." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "अजून एकदा मशीन बसली तर पहिल्या तारखेपास्नं येऊ नकोस."

लोक हसले. सगळे न्हाई, पण हसले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. अठ्ठ्याहत्तरला ह्याच नावापायी आमच्या वस्तीतल्या चुली संध्याकाळच्या पेटत नव्हत्या, धूर दिसला तर कोण येईल ह्या भ्यानं. मी तवा शाळकरी पोर होते. त्या दिवसांत एक गोष्ट शिकले, की ऐकून घ्यावं लागलं तर घ्यायचं, पण विसरायचं न्हाई. दिनकररावाचं वाक्य मी असंच जपून ठेवलं.

कोणता कार्यक्रम किती मेमरी खातोय हे मशीन इचारलं की सांगती. मी इचारलं. माझा पावतीचा कार्यक्रम चिमूटभर. दिनकररावाच्या केबिनमधनं एक चालला होता, तो मात्र ओटा अडवून बसलेला. तो जन्मपत्रिका मांडायचा निघाला. लग्नसराई होती आणि दिनकररावाच्या कॉम्प्युटरच्या पत्रिकेला सेलूपास्नं पाथरीपर्यंत मान होता. लोकांना सांगायचा, पुण्याला मेहुण्याच्या मशीनवर करून आणतो. मशीन होती सोसायटीची. आमच्यात पत्रिका बघत न्हाईत, त्यामुळं मला खबरच नव्हती. आणि सगळ्या पत्रिका होत्या दुसऱ्या डिस्कवर, जी कागदोपत्री पुढल्या सालासाठी रिकामी ठेवलेली. तिच्यातली जागा स्वॅपला द्या म्हणून मी आधी मागितली होती, तर म्हणला होता, "तिला हात लावायचा न्हाई." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

दुसऱ्या दिवशी रांगेतल्या लोकांनी गेट अडवलं आणि चेअरमन व्यंकटराव जीपनं आले. जीप दिसताच दिनकररावानं आपला कार्यक्रम गुमान बंद केला आणि हात जोडून बाहेर आला. चेअरमननी मला सगळ्यांसमोर इचारलं, "बाई, हे कशानं व्हायलंय?"

"स्वॅपला जागा कमी पडायली, साहेब. दुसरी डिस्क जोडली तर आत्ता थांबतंय. पण तिच्यावर काही असंल तर ते जाईल. मॅनेजरसायबांना इचारा, तिच्यावर काही हाय का?"

चेअरमन दिनकररावाकडं बघायला लागले. हाय म्हणावं तर काय हाय ते सांगावं लागणार. न्हाई म्हणावं तर... तो घाम पुसत म्हणाला, "रिकामीच हाय."

"मागून म्हणायचं न्हाई हां, साहेब," मी म्हणले.

"एकदा सांगितलं ना रिकामी हाय म्हणून."

"मग जोडा की ताई," लिंबाजी म्हणाला, "मुहूर्त बघायलाव का?"

मी डिस्क सोडवली आणि तिची सगळी जागा स्वॅपला लावली. एका ओळीचा हुकूम, बस. गाड्या सरकायला लागल्या, चेअरमन चहा घेऊन गेले. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

थोड्या वेळानं दिनकररावानं मला केबिनमधी बोलावलं आणि दार लोटून घेतलं. पहिल्यांदाच मला माझ्या नावानं हाक मारली.

"सत्यशीलाबाई, त्या डिस्कवर माझं थोडं खाजगी होतं."

"पत्रिका."

तो खाली बसला. "गेलं का सगळं?"

"न्हाई," मी म्हणले. "जागा दिली म्हंजे मशीन फौरन तिच्यावर लिहीत न्हाई. ओटा भरला तरच फळी लागती. आत्ता माझा पावतीचा कार्यक्रम तेवढा चालू हाय, तो वर मावतोय. तुमच्या पत्रिका अजून जशाच्या तशा हाईत. बाहेर जाऊन लोकांना सांगा की मशीन तुमच्यापायी बसत होती, सत्यशीलाच्या हातापायी न्हाई. मी लगेच डिस्क मोकळी करून देते. तवर फक्त पत्रिकेचा कार्यक्रम सुरू करू नका. केला की ओटा भरंल आणि तुमच्याच पत्रिकांवर लिहिलं जाईल."

मग त्याचा चेहरा पहिल्यासारखा झाला. "मला खेळवायलीस व्हय? सगळं पुसून बसलीस आणि वरनं अट घालायलीस. तुझी एवढी अक्कल असती तर मग काय. माझं मी बघतो."

"बघू नका, साहेब."

"जा तू."

मी माझ्या जागेवर आले. स्वॅपमधी किती जागा मोकळी हाय त्याचा आकडा पडद्यावर काढून ठेवला. आकडा होता तिथंच होता. मग लाकडी पार्टिशनपलीकडं त्याची कळफलकावरची बोटं ऐकू यायला लागली. आकडा उतरला. परत उतरला. त्याचं दार हाकेच्या अंतरावर होतं, एक हाक मारली असती तरी चाललं असतं. मी लिंबाजीची पावती छापली. कुठंबी न अडता पूर्ण निघाली.

दिनकरराव बाहेर आला. "काहीच दिसंना," म्हणाला. मी जाऊन डिस्क स्वॅपमधनं सोडवून बघितली. कोणती पत्रिका कुठं ठेवली त्याची खूणच आधी पुसली गेली होती. त्याच्या मोठ्या कार्यक्रमानं पहिला घास तिथंच घेतला होता. परत येतंय का म्हणून त्यानं इचारलं. न्हाई म्हणून सांगितलं.

त्यातच चेअरमनच्या भाचीची पत्रिका होती, आणि ती परत मांडायला लागणारी जन्मवेळबी. पाहुणे बोलणीला यायच्या दिवशी व्यंकटरावांनी ती मागितली, आणि पुण्याच्या मेहुण्याचं नाव घेऊन दिनकररावाला दोन दिवसबी काढता आले न्हाईत. रिकाम्या म्हणलेल्या डिस्कवर काय होतं ते चेअरमनला त्याच्याच तोंडनं सांगावं लागलं. पहिल्या तारखेला मी कामावर होते आणि तो टेबलाचे खण रिकामे करत होता.

जाताना माझ्या खिडकीपाशी थांबला. बाहेर गाड्या उभ्या होत्या, लोक ऐकत होते, पण आता त्याला त्याची फिकीर नव्हती.

"तू त्या दिवशी खरं सांगत होतीस."

"व्हय."

"मग नीट जोर देऊन का न्हाई सांगितलंस? मी थांबलो असतो."

"नसता थांबला, साहेब," मी म्हणले. "माझ्या शब्दावर तुमी विश्वास ठेवणार न्हाई हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर खरं सांगितलं."

मी पुढच्या गाडीवाल्याला वजन इचारलं.