शामला स्टोअर्स

खण्! देवघरातल्या ताम्हणात किल्ली पडली आणि बेबी झोपेतच दचकली. तिच्या पाठीवर हात ठेवून मी तशीच पडून राहिले.

"सूनबाई, नऊचा मुहूर्त आहे बरं," मामाजींचा आवाज आला. "लग्नातली साडी नेसा आज."

हे पलंगाच्या कडेला बसून बूट पुसत होते. कालच पुसलेले.

"मामाजीले सांगतलं का तुम्ही?" मी हळूच विचारलं.

"सांगतो वं. चहा तर होऊ दे."

"आजच अकराच्या आत शाळेत हजर व्हा लागते. नाहीतर जागा दुसरीले देतील, तसं लिहूनच आहे पत्रात."

"सांगतो म्हटलं ना!"

पत्र बेबीच्या फ्रॉकांच्या घडीत होतं. प्रताप नगरातली शाळा, पहिलीचा वर्ग. बेबी पोटात होती तेव्हा मी डी.एड.चा शेवटचा पेपर दिला होता. पाच वर्षांनी त्याचं काही झालं होतं.

आमच्या घरचे तीन पेट्रोल पंप. मामाजींची रीत अशी की पंपाच्या बाजूला दुकान काढायचं आणि त्याला सुनेचं नाव द्यायचं. ऑइलचे डबे, फॅनबेल्ट, बिस्किटं, थंड्याच्या बाटल्या. कोराडी रोडवर 'प्रेमिला स्टोअर्स', प्रताप नगरात 'इंदू स्टोअर्स'. पहिली भवानी, म्हणजे पहिल्या गिऱ्हाइकाचं नाणं, जिच्या हातात पडेल तिनेच मग त्या गल्ल्यावर बसायचं. माणूस बदललं तर लक्ष्मी उठून जाते म्हणे. लोकांना याचं फार कौतुक. बाबारावांनी सुनांची नावं रस्त्यावर लावली, असा सासरा कुठे मिळतो, म्हणतात.

मोठ्या जाऊबाई, प्रेमिलाताई, नऊ वर्षं कोराडीला बसतात. कोळशाचे ट्रक थांबतात, राख उडते, त्या दिवसभर बरण्या पुसतात. नऊ वर्षांत दोनदा माहेरी गेल्या. दोन्ही वेळा तिकडे कोणीतरी वारलं म्हणून.

चहा झाला. दुसरा झाला. मामाजी पेपर वाचत होते, हे त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "जीपमधे पेट्रोल आहे ना बाबा?" तीन पंपांच्या मालकाला!

हिंगण्याच्या तिसऱ्या पंपावर जाताना जीप प्रताप नगरातूनच गेली. शाळेची घंटा चालू होती. फाटकाशी एक चिमुरडी आईचा पदर सोडायला तयार नव्हती. ती माझ्याच वर्गातली असेल, असं मला उगीच वाटलं. मी पुढे वाकून यांच्या खांद्याला हात लावला. यांनी गिअर बदलला.

नवं दुकान झेंडूच्या माळांनी भरलं होतं. वर लाल अक्षरांत माझं नाव, माझ्या हातापेक्षा मोठं.

"आली वं शेठाणी!" मधल्या जाऊबाई, इंदुताई, ओरडल्या. "आता गल्ल्यावर बसून वजन वाढव. माह्याकडे पाह्य, खुर्ची दोनदा बदलली."

प्रेमिलाताईंनी मला बरण्यांच्या आड ओढलं. कुंकवाचं बोट माझ्या कपाळाला लावता लावता त्या पुटपुटल्या, "मले माहीत आहे पत्राचं. बेबीनं सांगतलं."

मी मागे वळून मामाजींकडे पाहिलं.

"भवानी मी घेतो. पहिलं गिऱ्हाईक आलं की तू फक्त हात मागं ठेव. मग मामाजीचंही काही चालत नाही, रीत म्हणजे रीत."

"आन कोराडी?"

"तिथलं मामाजी पाह्यतील. तिथं राख आहे, इथं धूळ. मले काय फरक पडते वं? साडेदहाची प्रताप नगरची बस आहे. हात मात्र मागं ठेव."

पूजा झाली. नारळ फुटला. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले. प्रेमिलाताई गल्ल्याशी सरकल्या.

रात्रपाळी सुटलेला एक म्हातारा कामगार सायकल लावून आत आला. डोळे तारवटलेले, कपड्यांना ग्रीसचा वास. मामाजी, हे, सगळे त्याच्याकडेच बघत होते, त्यामुळे तो बावरला.

"बिस्किटाचा पुडा द्या," तो म्हणाला. प्रेमिलाताईंनी पुडा दिला. ग्रीसने बुळबुळीत झालेल्या हाताने त्याने खिशातून नाणं काढलं. नाणं बोटांतून निसटलं, काउंटरवरून गडगडत माझ्याकडे आलं, काठावरून घसरलं.

आणि मी झेललं.

पेला पडताना झेलावा, लेकरू पडताना झेलावं, तसं. हात मागून कधी सुटला ते मला कळलंच नाही.

"वा!" मामाजींनी टाळी वाजवली. "लक्ष्मी स्वतःहून गेली पाहा सूनबाईकडे!" ताम्हणातली किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली. तिला अजून ओलं कुंकू होतं. इंदुताईंनी पेढा तोंडात कोंबला. प्रेमिलाताईंनी फडकं घेऊन काउंटर पुसायला घेतला, नवा कोरा काउंटर.

साडेदहाची बस समोरून गेली.

"पुढच्या वर्षी पाहू वं," जीपमध्ये बसताना हे म्हणाले. बुटांवर हिंगण्याची धूळ बसली होती, ती त्यांनी रुमालाने झटकली.

दुपारी सगळे गेले. पंपावर ऊन तापलं. बेबी दारात पाटी घेऊन बसली होती. मीच तिला पहिल्यांदा माझं नाव लिहायला शिकवलं होतं, अक्षरं सोपी म्हणून. तिने मान वर केली आणि बोट फिरवत वाचलं, "शा… म… ला. आई, तुयं नाव!"

"हो."

"म्हणजे दुकान तुयं?"

"हो राणी."

"आन किल्ली?"

मी कमरेची किल्ली दाखवली. कुंकू साडीला लागलं होतं.

बेबीने पाटी बाजूला ठेवली. उठून माझ्या गुडघ्यांना टेकली.

"मंग कुलूप लावून चल ना घरी. काहून नाही लावत?"