मेर्मूबाईंचा गुरुवार

पिशवीत लाल रंगाचं काहीतरी होतं – लोकरीसारखं, पण लोकर नाही. मऊ, दाबून चपटं झालेलं. दाराच्या मुठीला रबरानं अडकवलेली ती पारदर्शक पिशवी किंगानं डोळ्यांजवळ नेली आणि मग तिला ओळख पटली. आपलाच टॉवेल की हा! म्हणजे टॉवेलचं तूस, कपडे वाळवायच्या यंत्राच्या जाळीत साठतं ते. आत चिठ्ठीही होती, अक्षर शाळेतल्या बाईंसारखं गोल गोल: ‘आपण हे गुरुवारी खाली विसरलात, असे वाटते. सस्नेह अभिवादन. मादाम मेर्मू, तिसरा मजला.’

सस्नेह! दुसऱ्याच्या दारावर कचरा लटकवायचा आणि वर सस्नेह! आमच्या गावाला, सेगेदला असं झालं असतं तर शेजारीण जिन्यात उभी राहून बोंबलली असती – कोण गं ती भवानी, मशीन तुझ्या बापाची आहे का – आणि संध्याकाळी तीच बाई कॉफीला येऊन बसली असती. इथं कुणी ओरडत नाही. इथं तूस व्यवस्थित पिशवीत भरतात… किंगाचे कान तापले. घरात आरशासमोर ती पिशवी हातात धरून ती उभी राहिली आणि तिला वाटलं, हे मी मनावर घेता कामा नये, आणि त्याच क्षणी तिनं ते पुरतं मनावर घेतलं.

चूक होतीच तिची, नाही कशाला म्हणा. पाच मजले, मजल्यावर एक घर, आणि धुण्याचा एकेक वार ज्याचा त्याला. तळघराच्या दारावर तसा तक्ताच आहे, काचेखाली, चार स्क्रू मारलेला. छपराखालच्या या खोलीला मंगळवार. पण मंगळवारी सकाळी आठपासून अंधार पडेपर्यंत विद्यापीठात वर्ग, मग धुवायचं कधी? तिनं दोन गुरुवार नीट पाहिलं: मशीन गप्प, दोऱ्या रिकाम्या, मेर्मू असं नाव लिहिलेले चिमटे डब्यात तसेच. बेवारशी वार. तिसऱ्या गुरुवारी तिनं तो उचलला, मग पुढचाही, मग कालचाही… आणि विचारायचं नाही का सुचलं? तिसऱ्या मजल्यावर थांबून दार वाजवायचं, एक वाक्य बोलायचं. एक वाक्य! पण त्या एका वाक्यासाठीच तर ती अडीच महिने जिन्यातून चवड्यांवर उतरत होती.

बरं झालं, ती मनाशी म्हणाली. आज बरोबर कळलं, इथं आपलं काम नाही. आज शुक्रवार, पाच वाजता मुदत संपते. तो फॉर्म टेबलावर पडून होता, एक पानाचा, नाव तेवढं भरलेलं. प्राध्यापिकाबाईंनी स्वतः बोलावून दिलेला – आणखी एक सत्र राहा, एप्रिलमध्ये आपण हिमनदीवर मोजमापाला जाणार आहोत, मला तुमच्यासारखी काळजीपूर्वक काम करणारी मुलगी हवी आहे. पाचपर्यंत तो वरच्या गावातल्या विद्यापीठाच्या कचेरीत दिला तर जुलैपर्यंत इथंच, लोझानला. नाही दिला तर जानेवारीत घरी. आईला ती फॉर्मबद्दल बोललेलीच नव्हती. आई जानेवारी धरून चालली होती, खोलीला रंगसुद्धा देऊन झाला होता तिचा.

हिमनदी हवी होती तिला. ते खोटं नाही. बर्फात भोक पाडून त्यात खांब रोवायचा आणि पुढच्या वर्षी तो किती उघडा पडला ते पाहायचं – एवढ्या साध्या गोष्टीसाठी तिचा जीव आसुसायचा. पण ‘काळजीपूर्वक काम करणारी’… परवा कॅन्टीनमध्ये ओरेली, गटातली त्यातल्या त्यात जवळची, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली होती, “किंगा किती शांत आहे ना! बरं वाटतं हिच्याजवळ बसायला.” अगदी मनापासून म्हणाली बिचारी. आणि किंगाला वाटलं, ओक्साबोक्शी रडावं. शांत? मी? आईच्या केशकर्तनालयात मी सात वर्षांची असल्यापासून डोक्याला रंग लावून बसलेल्या बायकांना हसवलंय. इतकं, की आई ओरडायची, बये, पुरे, यांची मान हलतेय, कान कापला जाईल कुणाचा! महापौरांची बायको कशी चालते, औषधवाला गोळ्या कशा मोजतो, सगळं मी करून दाखवायचे. ती मी कुठं गेली? इथं पोचले तेव्हा स्टेशनावरच राहिली की काय… फ्रेंचमध्ये मला भाव विचारता येतो, उतार आणि वितळणं यांवर दहा पानं लिहिता येतात. पण चारजणांत काही गमतीचं सुचतं तोवर चौघं पुढच्या विषयावर गेलेले असतात. मग माझं आपलं तोंडाला कुलूप. अडीच महिन्यांत एक माणूस माझ्यामुळं हसलेलं नाही. एप्रिलमध्ये हिमनदीवर जाईल ती कोण जाईल? शांत किंगा. जाऊ दे तिला हवं तर, मला काय त्याचं!

दिवसभर ती मेर्मूबाईंशी भांडत होती. मनातल्या मनात, आपल्या भाषेत, आणि काय फर्डं भांडत होती! तळ्यावर धुकं बसलं होतं, गेले नऊ दिवस बसलं होतं. समोरचे डोंगर आहेत यावर नुसता विश्वास ठेवायचा. वर्गात पडद्यावर आकडे सरकत होते आणि किंगा तिसऱ्या मजल्यावरच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. बाई, तूस सापडलं तर तुमचंच नुकसान झालं, मी त्याची उशी करणार होते. बाई, तुमच्या वाराला नजर लागली का माझी?… मग तिला स्वतःचीच कीव आली. खरं तिथं जाऊन आपण काय म्हणणार, ते तिला माहीत होतं. मेट्रोत बसल्या बसल्या तिनं वहीच्या मागच्या पानावर माफीची तीन वाक्यं लिहिली, दोनदा वाचली, क्रियापदं तपासली. म्हणायची, आणि सुटायचं. मग सामान आवरायला लागायचं. फॉर्म मात्र तिनं सकाळीच दप्तरात टाकला होता. का, ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

पावणेचारला तिनं तिसऱ्या मजल्यावरची घंटा दाबली.

मेर्मूबाई तिला वाटल्या होत्या त्यापेक्षा उंच निघाल्या. सत्तरी ओलांडलेल्या, केस बारीक कापलेले, आणि उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. म्हणजे गोल गोल अक्षर डाव्या हातानं काढलं होतं की काय? आतून उकडलेल्या बटाट्यांचा वास येत होता.

“बोंजूर, मादाम. मी पाचव्या मजल्यावरची. मला आपली माफी…”

“मागायची आहे,” मेर्मूबाई म्हणाल्या.

“हो. मला वाटलं, की आपण आपला वार…”

“वापरत नाही. कशी वापरणार? मुलगी घेऊन जाते कपडे, हात मोडल्यापासून.”

“आणि ते, त्या यंत्रातलं, ते लाल…”

“तूस.”

तूस! हा शब्द तिनं मेट्रोत मुद्दाम शोधून ठेवला होता. तोही या बाईनं पुढं होऊन घेतला, काही वाईट हेतू न ठेवता, आंधळ्याला रस्ता ओलांडून द्यावा तसा. सगळेच देतात. दुकानदार देतो, ओरेली देते, प्राध्यापिकाबाई तर हसून देतात. माझं एक वाक्य शेवटापर्यंत माझं नाही या गावात…

“एकेचाळीस वर्षं,” मेर्मूबाई सांगत होत्या, न रागावता, हवापाणी सांगावं तशा, “एकेचाळीस वर्षं गुरुवार आमचा आहे.”

“मग कुंपण घाला ना त्याला!”

हे कोण बोललं? किंगाच बोलली. आणि थांबली नाही.

“गुरुवारला! तार घाला चारी बाजूंनी, आणि दोन गाई सोडा आत, गळ्यात घंटा बांधून. कुणी शिरलं की वाजेल! तक्त्यापेक्षा ते बरं!”

क्रियापद चुकलं होतं. गाईंचंही काहीतरी चुकलंच होतं बहुधा. जिन्यातला दिवा आपोआप विझला आणि दोघी अंधुक उजेडात उभ्या राहिल्या. संपलं, किंगाला वाटलं. आता ही घरमालकाला लिहील, सस्नेह. मेर्मूबाईंनी डाव्या हातानं बटण चाचपलं, दिवा लावला आणि तिच्याकडं नीट पाहिलं, पायांपासून वरपर्यंत.

“दोन गाई,” त्या म्हणाल्या. या गावचा तो लांबवलेला, दमादमानं चालणारा स्वर. “मावतील. धुतल्याही जातील एक वेळ. पण वाळत कुठं घालणार?”

“दोरीवर,” किंगा म्हणाली. “चिमटे आहेत की तुमच्या नावाचे. कानांना लावायचे.”

मेर्मूबाईंचा चेहरा आधी हललाच नाही. मग खांदे हलायला लागले, मग प्लास्टरचा हात त्यांनी छातीशी धरला आणि हसल्या – मोठ्यानं, खोकला येईपर्यंत. “अहो, दुखतंय,” म्हणाल्या, “हसवू नका, दुखतंय!” आणि पुन्हा, “कानांना!”

किंगा दारात उभी होती. तिचं सगळं अंग हलकं झालं होतं, आणि भीतीही वाटत होती, हे लगेच संपेल याची.

“बोलता की तुम्ही!” मेर्मूबाईंनी डोळे पुसले. “मला वाटलं, कुठल्यातरी पंथाच्या असाल. मौन पाळणाऱ्या. आम्ही खालचे शेजारी बोललोसुद्धा तसं.”

“काय म्हणालात?”

“हेच, की बिचारीला जेवायला बोलवावं, तर चालतं की नाही कोण जाणे.” मग त्या एकदम सावरल्या. “सोमवारी प्लास्टर निघतंय. गुरुवार माझा. जाळी दर खेपेला साफ करायची, सगळ्यांनी, पंथ कुठलाही असो.”

“हो, मादाम.”

“आणि गाई मंगळवारी धुवा.”

दार बंद झालं. आतून पुन्हा हसणं ऐकू आलं, एकटीचं.

वरच्या गावाची चढण किंगा जवळजवळ धावत चढली, आणि अर्ध्यावर श्वास घ्यायला थांबली तेव्हा तिनं आईला फोन लावला. सांगायचं होतं, आत्ताच्या आत्ता. दुसरं होतं कोण सांगायला! पलीकडं केस वाळवायच्या यंत्राचा घुंईऽ आवाज, कुणाचं तरी बोलणं, आईचं तिला “थांब हं”, गिऱ्हाइकाला “पाच मिनिटं अशाच बसा” – आणि मग आई आली. किंगा सांगत सुटली. पिशवी, चिठ्ठी, सस्नेह. प्लास्टर. मग कुंपण, आणि गाई, आणि…

“घंटा कशाला गाईंना?” आईनं विचारलं.

“अगं इथं असतात. म्हणजे, ते महत्त्वाचं नाही. तर ती म्हणाली, वाळत कुठं घालणार?”

“कोण?”

“मेर्मूबाई! अशा सुरात म्हणाली…” आणि किंगानं तो सूर काढला, लांबवलेला, दमादमाचा, पण तो आपल्या भाषेच्या अंगावर बसेना. महापौरांची बायको सहज बसायची. हा स्वर सेगेदमध्ये कुणी ऐकलेलाच नाही, मग नक्कल ओळखणार कोण? ओरेलीनं ओळखला असता. ओरेली खुर्चीवरून पडली असती.

“मग चिडली का गं ती?”

“नाही, आई. हसली. खूप हसली.”

“हां,” आई म्हणाली. आणि हसली.

छोटंसं हसू. जरा उशिरा आलेलं, शेवट जरा वर उचललेला. किंगाला ते ऐकताक्षणी कळलं, कारण गेले अडीच महिने कॅन्टीनमध्ये ती स्वतः अगदी हेच हसत आली होती – सगळे हसतायत, आपल्याला काही कळलं नाही, पण आपण त्यांच्यात आहोत हे दिसावं म्हणून. आई तिच्याशी तसं हसली होती. माझी आई! माझ्या विनोदांवर हात थांबवून, कात्री खाली ठेवून हसणारी.

“तू ये गं इकडं,” आई म्हणत होती, “समोर बसून नीट सांग, म्हणजे कळेल मला. फोनवर नाही मजा येत.”

“हो,” किंगा म्हणाली. “समोर बसून सांगेन.” पण समोर बसूनही कळणार नव्हतं, आणि ते आईलाही समजलं असावं, कारण ती फोन ठेवेना; जेवलीस का, थंडी किती आहे, असं विचारत राहिली, प्रत्येक उत्तरावर बरं बरं म्हणत. आत्ता उडत जावं आणि आईच्या दुकानात खुर्चीत बसून तिला पोट धरून हसवावं, असं तिला वाटलं, आणि उद्या सकाळी ओरेलीला गाठून मेर्मूबाई करून दाखवाव्यात, असंही वाटलं, तितक्याच जोरानं. इतके दिवस एक गोष्ट तरी पक्की होती, की आपण खऱ्या तिकडं आहोत आणि इकडं नुसत्या चालतोबोलतो. आता तीही राहिली नव्हती. बोलता बोलता चढण संपली होती; कचेरीचं दार समोर होतं, आतले दिवे लागलेले, पाचाला अजून वीस मिनिटं होती.

“आई,” ती म्हणाली, “ऐक ना, तुला एक विचारायचंय. तू हसलीस ते… तुला कळलं नव्हतं ना?”

पलीकडं ते यंत्र बंद झालं. “नाही गं कळलं,” आई हळूच म्हणाली; आणि ते ऐकून किंगाला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या आईबद्दल तसं वाटलं, जसं परक्या गावात नुकत्याच उतरलेल्या माणसाबद्दल वाटतं.