भामाबाईंच्या विळ्यासमोर

मुदखेडच्या एका अंगणातून मी बोलतोय. नर्सरीवाले मला बर्ड ऑफ पॅराडाइज म्हणतात. या घरात मात्र माझं नाव होतं ‘बिनकामाची केळ’.

महामाया नर्सबाईंनी मला नांदेडहून मांडीवर धरून आणलं, तेव्हा मला केळीसारखी दोनच पानं होती. भर उन्हाळ्यात त्या माझ्यावर जुनी साडी बांधत, ओल्या फडक्यानं पानांवरची धूळ पुसत. त्यांच्या सासूबाई भामाबाई ओसरीवरून बघत.

“केळं कवा लागायची हिला?”

“आत्या, केळ न्हाई ती. फूल येतं, पाखरासारखं.”

“हाव. येतंय आन उडून जातंय, म्हणून दिसत न्हाई आपल्याला.”

महामायाबाई हसत, पण मनातून खट्टू होत. मग पावसाळा आला की मला आणखी मोठ्या कुंडीत हलवत. माया खरी होती, पण चुकत होतं ते या हलवण्यातच. मुळं एकमेकांना खेटून घट्ट बसल्याशिवाय मला फुलायचं सुचत नाही. दरसाल नव्या मातीत मुळं पसरण्यातच माझा जीव गुंतायचा.

पुढं त्यांची बदली बिलोलीला झाली. येणं रविवारपुरतं. कुंडी बदलायची राहूनच गेली. भामाबाई तांदळाचं धुवण तेवढं ओतायच्या. “पी बाई. सुनंची लाडकी तू.”

मुळं दाटली, कुंडीला तडा गेला. आणि थंडीत पानांमधून एक लांब, टोकदार कळी वर आली.

“अगं बया, केळफूल,” भामाबाई म्हणाल्या. “माया येऊन राहिली आज. भाजी करते तिला.”

त्या विळा घेऊन आल्या. देठ त्यांच्या मुठीत, विळा देठावर. मला ओरडता येत नाही. पण केळफूल कोवळं आहे का, हे आधी बघायची त्यांची जुनी सवय. त्यांनी अंगठ्यानं कळीची कड फाकवली. आतून केशरी तुरा उसळला, त्यामागून निळी जीभ.

विळा देठावरून बाजूला झाला.

सांजच्या एसटीनं महामायाबाई आल्या, काखेत नवी मोठी कुंडी. भामाबाई फाटकातच उभ्या होत्या.

“हळू ये. पाखरू बसलंय.”

महामायाबाई माझ्यासमोर मातीतच बसल्या. निळ्या जिभेवरून अलगद बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “आत्या, आता हिला या कुंडीत…”

“हात लावू नको. जागचं हलवलं की उडतंय ते.”

आज माझ्यावर तीन चोची आहेत. ती नवी कुंडी पालथी पडली आहे. तिच्यावर बसून भामाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावतात, “केळ न्हाई, नीट बघा.”

तुमच्याही अंगणात माझा कुणी भाऊबंद असेल. त्याला ऊन द्या, पाणी द्या, आणि बसलाय तिथं बसू द्या. तो फुलेल.