पांगाऱ्याची पाठवणी

उत्रोलीच्या टोकाला घर बांधलं तेव्हा दारापुढं झाड कोणतं लावायचं यावरून आनंदराव आणि ठकूबाईंचं जे वाजलं, ते अकरा वर्षं मिटलं नाही. भोरच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या आनंदरावांना बहावा हवा होता, बाईंना पांगारा. बहावा वैशाखात पिवळ्या झुंबरांनी लोंबतो, पांगारा फाल्गुनात उघड्या फांद्यांवर लाल फुलतो. पानं दोघांचीही झडतात. शेवटी दोन्ही लावली आणि कोणतं जास्त शोभतं यावर रोज चहाबरोबर भांडण चाललं. हौसेला मोल नाही.

आषाढात ठकूबाई गेल्या. तो लाल बहर एकट्यानं बघवणार नाही, हे आनंदरावांना पुरतं ठाऊक होतं, म्हणून मार्गशीर्षातच त्यांनी शफी बागवानाला पांगारा तोडायला बोलावलं.

तोडण्याआधी बुंध्याशी तांदूळ-सुपारी ठेवायची आणि झाडात जे कुणी वस्तीला असेल त्याला दुसरीकडं जायला विनवायचं, अशी तिकडची रीत.

"नुसतं जा म्हनू नगा, रावसाब," शफी म्हणाला. "कुटं जायचं त्ये झाड दावा. ह्यो बहावा हाय की."

आनंदरावांनी हात जोडले. झाड तिचं, त्यात तीच असली तर? तिला बहाव्यावर कुठल्या तोंडानं धाडायचं?

"घरातच या," ते म्हणाले.

शफी चपापला. "कोन हाय त्ये ठावं न्हाई, आन् घरात?" त्यानं झाड पाडलं, पण पाणीसुद्धा न पिता गेला.

माघात बंद माजघरात पांगाऱ्याची पानं पडू लागली, तीन-तीनची, पिवळी. आनंदराव भ्याले नाहीत. त्यांनी हौसेनं केर काढला आणि संध्याकाळी दोन ताटं वाढली. हात धुऊन आले तर समोरचं ताट रिकामं होतं. त्या दिवशी ते आनंदानं रडले. मग रोजच दोन ताटं, आणि जेवताना "बहावाच बरा" म्हणून जुना वादही.

एका सकाळी शेजारच्या धोंडाबाई ताक घेऊन आल्या.

"बसत न्हाई, दादा. आज बारस. कालची एकादस सोडायचीया."

आनंदरावांनी ताक तिथंच उंबऱ्यावर ठेवलं. काल समोरच्या ताटात पिठलं-भाकरी होती, आणि ताट चाटूनपुसून लख्ख झालं होतं. ठकूबाईंनी उभ्या जन्मात एकादशीला अन्नाला तोंड लावलं नव्हतं. शेवटच्या आजारातही नाही.

दिवसभर ते बाहेर ओट्यावर बसून राहिले. दिवेलागणीला मागं माजघरात एक पान पडल्याचा आवाज झाला. ते उठले, चूल पेटवली आणि फळीवरून दोन ताटं काढली.