तार येईपर्यंत

आमच्या ह्यांच्या पोटरीत नांगराचा फाळ घुसला आणि जखमेत माती गेली. तिसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा पाय भोपळ्यासारखा फुगला होता. दाबलं की कातडीखाली कुरकुर वाजायचं.

डॉक्टरांनी जखम चिरून साफ केली, पेनिसिलीन सुरू केलं. म्हणाले, "याच्या जोडीला एक नवा इलाज आहे. मुंबईला खोल समुद्रात बुडी मारणाऱ्या लोकांसाठी लोखंडी खोली आहे, तिच्यात बंद करून दाबानं प्राणवायू देतात. या जंतूंना तो सोसत नाही. तार करतो. होकार आला तर आजच्याच गाडीनं न्या, कदाचित पाय वाचेल. नाहीतर उद्या कापावा लागेल."

लिंगपूजेआधी मी कधीच पाणी घेत नाही. त्या दिवशी पूजेनंतरही घेतलं नाही. तार येईपर्यंत पाणी नाही, असा नेम धरून व्हरांड्यात बसले.

दुपारी धाकटे दीर मल्लप्पा तांब्या घेऊन आले. "वैनी, घोटभर घ्या की."

"तार आली का, भावजी?"

"न्हाय." तांब्या ठेवून मान खाली घालून गेले. दिवेलागणीलाही तेच.

सकाळी मांडीपासून पाय कापला. जीव वाचला म्हणून डॉक्टरांच्या पाया पडायला गेले, तर ते मागं सरकले.

"होकार काल दुपारीच आला होता, बाई. तुमच्या नेमाधर्माला चालत नाही म्हणून तुम्हीच अडवलंत ना? मालकच म्हणाले तुमचे."

दुपारी हे शुद्धीवर आले, तेव्हा विचारलं, "माझं नाव का घातलंत?"

ह्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. "रझाकाराच्या वक्ताला दोन दिवस जमिनीखालच्या धान्याच्या पेवात दडलो होतो. चुलता माझ्या अंगावरच गुदमरून गेला. परत बंद खोलीत न्हाय जाणार म्या. तुला सांगितलं असतं तर तू नेलंच असतंस."

"हे पेवाचं भावजींना ठाऊक होतं?"

"सगळ्या घराला ठावं हाय."

बारा वर्षं संसार केला. घरात मीच तेवढी परकी होते.

"पाणी घेतलंस का?" ह्यांनी विचारलं.

तार कालच आली होती, म्हणजे नेम कालच फिटला होता. भावजी दारात उभे होते. मी ह्यांचे ओठ ओले केले आणि तांब्या खाली ठेवला.

"डॉक्टरांना खरं सांगून या, भावजी. मग घेते."

भावजींनी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले.